मेंढीकोटमधील बचावाचा खेळ

मेंढीकोट (मेंडीकोट, मिंडीकोट अशी रूपेही प्रचलित) हा बावन्न पानांच्या जोडाने चौघांनी दोन पक्षांत खेळायचा पत्त्यांचा खेळ आहे. समोरासमोर बसलेले दोन गडी एकमेकांचे भिडू असतात. चारही रंगांच्या दश्श्यांना या खेळात 'मेंढी' म्हणतात. त्या पकडणे आणि आपल्या वाचवणे हा खेळाचा गाभा आहे. प्रतिपक्षाकडे एक्के, राजे आणि लांब हुकूम अशी भारी पाने आली असता दुबळ्या पक्षाने कसे खेळावे, हा या खेळातील सर्वांत अवघड भाग मानावा लागेल. चांगली पाने आल्यावर जिंकणे बहुतेकांना साधते. वाईट पानांवर कोट वाचवणारा गडी मात्र विरळा असतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः या बचावाचा विचार केला आहे.

प्रसार आणि पार्श्वभूमी

महाराष्ट्रात हा खेळ घरोघरी खेळला जातो. उन्हाळ्याची सुटी, लग्नघरातील रात्र, रेल्वेचा लांबचा प्रवास आणि गावातील पार ही त्याची नेहमीची ठिकाणे होत. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या श्रीगोंदे तालुक्यातील काष्टी हे गाव शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठी ओळखले जाते. अशा बाजारगावांत आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर कामातून मोकळीक मिळाली की चार माणसे जमायला वेळ लागत नाही. खेळाला पाट लागत नाही, सोंगट्या लागत नाहीत. पानांचा जोड आणि पसरायला एखादे पोते एवढ्यावर भागते.

भारतात पत्त्यांचा इतिहास याहून जुना आहे. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधील शाह हसन याला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अबुल फजलने 'ऐन-इ-अकबरी'त गंजिफ्याच्या पानांचे वर्णन केले आहे. कोकणात सावंतवाडी येथे हाताने रंगवलेल्या गोल गंजिफा आजही तयार होतात. दशावतारी गंजिफ्यात दहा रंगांची १२० पाने असतात. बावन्न पानांचा जोड युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर आला. 'किलवर' हे मराठी नाव डच भाषेतील 'क्लाव्हर' या नावाशी मिळते, हे या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे. मेंढीकोटाशी जवळचे नाते असलेला 'देहला पकड' उत्तर भारतात खेळला जातो. दश्श्यांऐवजी केवळ हातांची मोजणी असलेले 'कोटपीस' आणि इराणमधील 'होक्म' हे खेळही याच कुळातील दिसतात.

नियम थोडक्यात

प्रत्येकाला तेरा पाने वाटली जातात. पुष्कळ ठिकाणी ती आधी पाच आणि मग चार-चार अशी देतात. एक्का सर्वांत मोठा असतो. त्याखाली राजा, राणी, गुलाम, मग दश्शी आणि शेवटी दुर्री असा उतरता क्रम लागतो. उतारी झालेल्या रंगाचे पान हातात असेल तर तेच टाकावे लागते. नसेल तर हुकूम मारता येतो किंवा दुसरे कोणतेही पान सोडता येते. हात ज्याने जिंकला, त्याने पुढची उतारी करायची.

तीन किंवा चार दश्श्या मिळवणारा पक्ष डाव जिंकतो. दोन-दोन अशी बरोबरी झाली तर ज्याचे सात किंवा अधिक हात, त्याचा डाव. चारही दश्श्या एकाच पक्षाने नेल्या तर समोरच्यावर 'मेंढीकोट' लागतो आणि तेराच्या तेरा हात नेले तर तो 'बावन्नी कोट' होतो. पैसे लावलेले नसले तरी कोटाची नामुष्की लहान नसते. अनेक ठिकाणी हरलेल्या पक्षाच्याच गळ्यात पुन्हा पिसणी आणि वाटणी पडते. सलग चार डाव पिसत बसलेल्या माणसाला पारावरचे प्रेक्षक काय काय ऐकवतात, हे सांगण्याची गरज नाही.

हुकूम ठरवण्याच्या दोन पद्धती विशेष रूढ आहेत. 'बंद हुकूम' पद्धतीत एक गडी आपल्या हातातील एक पान उपडे ठेवतो. प्रथम ज्याच्याकडे उतारीचा रंग नसतो, तो हुकूम उघडायला सांगू शकतो. 'काट हुकूम' पद्धतीत आधी काहीच ठरलेले नसते. ज्याच्याकडे उतारीचा रंग प्रथम संपतो, त्याने टाकलेल्या पानाचा रंग हुकूम होतो. बारीकसारीक नियम गावागणिक बदलतात. त्यामुळे नवख्या मंडळींत बसताना ते आधी विचारून घेण्याची रीत आहे.

दश्शीचे दुबळेपण

दश्शी मौल्यवान असते, पण बलवान नसते. तिच्यावर चार पाने आहेत. म्हणून स्वतःच्या जोरावर हात जिंकून ती घरी येण्याचे प्रसंग थोडे असतात. बहुतेक वेळा ती तीन मार्गांनी वाचते. भिडूच्या जिंकणाऱ्या पानावर ती चढवली जाते, दुसऱ्या रंगाच्या उतारीवर (ती हुकमाची असेल तर) तिनेच हात मारला जातो, किंवा वरची पाने निघून गेल्यावर ती आपोआप मोठी होते.

दश्श्यांची वाटणी गणिताने काढता येते. एखाद्या गड्याच्या तेरा पानांत एकही दश्शी नसण्याची शक्यता सुमारे ३०.४ टक्के आहे. दोन पक्षांत दश्श्या दोन-दोन अशा येण्याची शक्यता सुमारे ३९ टक्के, एका पक्षाकडे तीन व दुसऱ्याकडे एक अशी ५० टक्के, आणि चारही एकाच पक्षाकडे येण्याची ११ टक्के. म्हणजे बहुधा दुबळ्या पक्षाच्या हातातही एखाददुसरी दश्शी असतेच. तिच्याकडे पाहण्याची दृष्टी मात्र बदलावी लागते. बलवान पक्षाच्या दृष्टीने दश्शी हे भक्ष्य असते. दुबळ्याच्या हातात ती सांभाळायची ठेव असते.

पहारेकरी पाने

दश्शीबरोबरची त्याच रंगाची लहान पाने हे तिचे पहारेकरी होत. एक उदाहरण पाहू. बदामाचा एक्का, राजा, अठ्ठी पूर्वेकडे आहेत. दक्षिणेकडे दश्शी, तिर्री, दुर्री. पश्चिमेकडे गुलाम, नव्वी, सत्ती, चव्वी. उत्तरेकडे राणी, छक्की, पंजी. पूर्व-पश्चिम हा बलवान पक्ष आहे. पूर्वेने एक्का उतरला की दक्षिण दुर्री देते, राजा उतरला की तिर्री. दोन हात गेले, पण दश्शी अजून घरात आहे आणि उत्तरेची राणी आता सर्वांत मोठी झाली आहे. तिसऱ्या वेळी बदाम कोणीही उतरला आणि कोणी हुकूम मारला नाही, तर दक्षिणेची दश्शी राणीच्या हातात पडते.

आता समजा, दक्षिणेने आधीच्या एखाद्या हातात, रंग नसताना, 'हे तर निरुपयोगी पान' म्हणून बदामाची दुर्री सोडून दिली होती. मग एक्क्यावर तिर्री जाईल आणि राजावर दश्शी टाकावीच लागेल. डाव तिथेच हरला. नवख्या गड्याला दुर्री-तिर्री म्हणजे कचरा वाटतो. बचावात मात्र कित्येकदा त्या दुर्रीची किंमत एक्क्याएवढी असते. सोडायचे पान नेहमी दश्शी नसलेल्या रंगातून निवडावे, हा नियम म्हणूनच जुने खेळाडू पहिल्यांदा शिकवतात.

एकटी दश्शी हातात येणे हा सर्वांत वाईट प्रसंग. ती आपण होऊन उतरली तर हात त्या रंगाचा एक्का असणाऱ्याकडे जाणार आणि तो एक्का तिघांपैकी कोणाकडेही असू शकतो. म्हणजे भिडूकडे असण्याची शक्यता तिनात एक. त्यामुळे अशी उतारी सहसा करू नये. भिडूने त्या रंगाचा एक्का काढण्याची वाट पाहावी. बलवान पक्षाने आधी काढला तर इलाज नाही. ती दश्शी गेली असे समजून उरलेल्यांकडे लक्ष द्यावे. गेलेल्या दश्शीच्या दुःखात दुसरी घालवणारे खेळाडू पुष्कळ दिसतात.

भिडूच्या एक्क्यावर दश्शी चढवावी की नाही, हा प्रश्न वारंवार येतो. चौथ्या क्रमांकावर पान टाकणाऱ्याला अडचण नसते, कारण हात कोणाचा हे त्याला दिसत असते. तिसऱ्या क्रमांकावर बसलेल्याला मात्र मागच्या गड्याच्या हुकमाची भीती असते. येथे गणित मदतीला येते. तेरा पानांत एखादा ठरावीक रंग मुळीच न येण्याची शक्यता अवघी १.३ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणून रंग पहिल्यांदाच उतरला असेल तर दश्शी निःशंकपणे चढवावी. स्वतःच्या हातात त्या रंगाची सहा-सात पाने असतील तर मात्र इतरांकडे तो तोकडा असणार, हे विसरू नये. दुसऱ्या फेरीत धोका वाढतो आणि तिसऱ्या फेरीत तो धोका न मानणे हे धाडस ठरते.

बलवान हाताचा हुकूम झिजवणे

बलवान पक्षाची खरी ताकद पुष्कळदा लांब हुकमात असते. समजा हुकूम इस्पिक आहे. पूर्वेकडे पाच इस्पिक, दक्षिणेकडे चार आणि उरलेल्या दोघांकडे दोन-दोन. पूर्वेने मोठ्या हुकमांची उतारी सुरू ठेवली तर चार फेऱ्यांत सगळ्यांचे हुकूम संपतात आणि पूर्वेकडे एक शिल्लक राहतो. मग तिच्या मोठ्या पानांना अडवणारे कोणी उरत नाही.

यावर उपाय म्हणजे पूर्वेकडे जो रंग नाही तोच पुन्हा पुन्हा उतरणे. तिने एकदा हुकूम मारला की तिच्याकडे चार राहतात, दोनदा मारला की तीन. दक्षिणेकडे मात्र अजून चार आहेत. आता पूर्वेने हुकूम काढायचे ठरवले तरी तीन फेऱ्यांनंतर तिचे संपतात आणि शेवटचा इस्पिक दक्षिणेकडे उरतो. त्या एका हुकमाने एखादी दश्शी हमखास हाती लागते. पूर्वेने हुकूम मारायचे नाकारले तर तो हात आपल्याला फुकट मिळतो. अर्थात हा डाव खेळताना उतारीच्या रंगातील दश्शी आधी निघून गेलेली असावी किंवा ती आपल्या पक्षाच्या कोणाला पूर्वेच्या हुकमाखाली टाकावी लागणार नाही, एवढी खात्री हवी.

या युक्तीला धीर लागतो. आपण हात देत आहोत आणि प्रतिपक्ष हुकूम आपटत आहे, हे दृश्य पाहणाऱ्याला हार वाटते. भिडूलाही वाटते. म्हणूनच या खेळात भिडूंची एकमेकांवरची श्रद्धा हाही एक मोठा पत्ता असतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

हुकूम कसा ठरतो, यावर बचाव कसा बदलतो

काट हुकमात बलवान कोण, याचाच पुनर्विचार करावा लागतो. तीन एक्के हातात असलेला गडी खुशीत असतो. पण त्याची पाने चार-तीन-तीन-तीन अशी सारखी वाटली गेली असतील (अशी वाटणी १०० पैकी १० ते ११ वेळा येते) तर त्याचा कोणताही रंग लवकर संपणार नाही आणि हुकूम ठरवण्याचा मान त्याला मिळणार नाही. याउलट ज्याच्याकडे एखाद्या रंगाचे एकच लहान पान आहे आणि दुसऱ्या रंगाची सहा पाने आहेत, त्याने ते एकटे पान पहिल्या संधीला उतरून टाकावे. तो रंग पुन्हा फिरून आला की लांब रंगाचे पान टाकून तोच हुकूम करून घ्यावा. मग समोरचे एक्के हुकमाच्या छक्कीखाली पडतात. दुबळ्या हाताला बलवान करणारा हा एकच क्षण असतो. तो कोणाला आधी गाठता येतो, यावर काट हुकमाचा अर्धा डाव ठरतो.

बंद हुकमात उपडे पान ठेवणारा गडी काय टाळतो, याकडे पाहावे. तो ज्या रंगाची उतारी सातत्याने टाळतो, त्याच रंगाचा हुकूम असण्याचा संशय घ्यायला जागा असते. मात्र मुरलेले खेळाडू मुद्दाम उलटेही वागतात. म्हणून एका खुणेवर विसंबू नये. एवढे लक्षात ठेवावे की हुकूम उघडेपर्यंत हुकूम ठेवणाऱ्याचा भिडूही अंधारातच असतो. त्या काळात आपले एक्के वाजवून घेणे बहुधा फायद्याचे ठरते. एकदा हुकूम उघडला की लांब रंगातील एक्का वाचेलच असे नाही.

स्मरण आणि लक्ष्याची पायरी

ब्रिजमध्ये एका गड्याची पाने उघडी पसरलेली असतात. मेंढीकोटात तशी सोय नाही. प्रत्येकाला फक्त आपली तेरा पाने दिसतात, उरलेली ३९ झाकलेली. बलवान पक्षालाही हे अज्ञान असते आणि बचावाचा सारा आधार तेच आहे. प्रतिपक्षाच्या दोघांकडे मिळून आठ हुकूम असले तरी आपले पाच आपल्या दोघांत कसे विभागले आहेत, हे त्यांना ठाऊक नसते. ते तीन-दोन असे असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के, चार-एक असे असण्याची सुमारे २८ टक्के. सगळीच पाने लक्षात ठेवणे सर्वांना जमत नाही. त्यांनी निदान गेलेले हुकूम, दिसलेल्या दश्श्या आणि प्रत्येक रंगाचे सध्याचे सर्वांत मोठे पान एवढे तरी मोजत राहावे.

बचाव करणाऱ्याने लक्ष्य पायरीपायरीने ठेवावे. पाने पाहून डाव जिंकणे अशक्य वाटले तर प्रथम एक दश्शी वाचवावी, म्हणजे कोट टळतो. एक घरात आली की दुसरीचा विचार करावा. दोन आल्या की सात हातांची मोजणी सुरू होते आणि तोपर्यंत क्षुल्लक वाटलेले हात महाग होतात. क्रम उलटा केल्यास, म्हणजे सुरुवातीपासून हातांच्या मागे धावल्यास, एक्के रिकाम्या हातांवर खर्च होतात आणि दश्शी येते तेव्हा ती घ्यायला काही उरत नाही.

येथे बलवान पक्षाच्या एका दोषाचा फायदा होतो. तीन दश्श्या मिळाल्यावर डाव जिंकलेला असतो, तरी पुष्कळ खेळाडू कोटाच्या हव्यासाने चौथीच्या मागे लागतात आणि राखून ठेवलेला हुकूम उधळतात. दोनच दश्श्या मिळाल्या असताना कोटाची स्वप्ने पाहणाऱ्यांची तर गोष्टच वेगळी. समोरचा घाईला आला आहे हे ओळखून आपले मोठे पान आणखी एक फेरी दाबून ठेवणे, यातच पट्टीच्या खेळाडूची ओळख पटते.

भिडूला डोळ्याने, खोकल्याने किंवा पान आपटण्याच्या ढंगाने खूण करणे सर्वत्र निषिद्ध समजले जाते, जरी ते सर्वत्र चालते. टाकलेल्या पानांतून मिळणारी सूचना मात्र खेळाचा भाग आहे. रंग नसताना भिडूने प्रथम कोणत्या रंगाचे पान सोडले, यावरून त्याला कोणत्या रंगाची आशा नाही हे कळते आणि उतारी कोणती टाळायची ते ठरवता येते.

इतर खेळांशी तुलना

रिचर्ड गारफिल्ड यांनी तयार केलेला 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ १९९३ मध्ये बाजारात आला आणि संग्रह करण्याच्या पत्त्यांच्या खेळांचा नवा प्रकार रूढ झाला. १९९६ मध्ये जपानमध्ये निघालेले 'पोकेमॉन'चे पत्तेही याच प्रकारात मोडतात. अशा खेळांत प्रत्येक जण आपला जोड घरून बांधून आणतो. स्पर्धेत एखादा जोड फार प्रबळ ठरू लागला की इतर खेळाडू त्याला उतारा म्हणून वेगळी पाने घेतात. 'मॅजिक'मध्ये यासाठी साठ किंवा अधिक पानांच्या मुख्य जोडाबरोबर पंधरा पानांचा राखीव संच ठेवता येतो आणि पहिल्या डावानंतर त्यातील पाने बदलून घेता येतात. मेंढीकोटात अशी पूर्वतयारी संभवत नाही. बळ वाटणीतून येते आणि उतारा त्याच तेरा पानांतून शोधावा लागतो.

स्पर्धात्मक ब्रिजने वाटणीच्या दैवावर वेगळाच उपाय काढला आहे. त्यात एकदा वाटलेली पाने जशीच्या तशी निरनिराळ्या मेजांवर फिरवतात. त्यामुळे दुबळी पाने आलेल्या जोडीची तुलना तीच दुबळी पाने खेळलेल्या इतर जोड्यांशी होते आणि कमी हरणे हाही विजय ठरतो. २०१८ च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला. त्यात पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक भारताच्या प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी मिळवले. हीच पद्धत मेंढीकोटाला सहज लावता येईल. दोन पोत्यांवर दोन जोड आणि एक लिहिणारा माणूस एवढेच त्यासाठी पुरेसे आहे.

कायदा आणि लौकिक

पत्त्यांच्या खेळाकडे संशयाने पाहिले जाते, त्याचे कारण जुगार. महाराष्ट्रात लागू असलेला जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे. केवळ कौशल्याच्या खेळांना तो लागू होत नाही, अशी तरतूद त्यात आहे. आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे मानले. गेलेली पाने लक्षात ठेवावी लागतात आणि कोणते पान धरायचे, कोणते सोडायचे हे ठरवावे लागते, असा त्यामागचा विचार होता. त्याच निकालात तीन पानांच्या खेळाला निव्वळ दैवाचा खेळ म्हटले आहे. मेंढीकोटात गेलेल्या पानांचे स्मरण रमीपेक्षा कमी लागत नाही. पैसे लावल्यावर मात्र प्रश्न निराळा होतो आणि जाणते खेळाडू या खेळात पैसा आणत नाहीत. त्यांच्या हिशेबात कोट किती लागले एवढेच असते. तो हिशेब पुष्कळदा भिंतीवर कोळशाने किंवा जमिनीवर काडीने रेघा ओढून ठेवतात.